स्वीडिश 'फो' : मिळणं, मुभा की सक्ती?

उत्तरायण
स्वीडिश शिकणाऱ्यांसाठी आणि शिकून बसलेल्यांसाठी धागा.

क्रियापद 'फो'. चार रूपं: फो (मूळ), फोर (वर्तमान), फिक (भूत), फॉत ('हार' किंवा 'हादे'नंतर येणारं). शब्दकोशात पहिला अर्थ 'मिळणे', दुसरा 'परवानगी असणे'. इथपर्यंत ठीक. पण पुढचं वाक्य बघा:

दू फोर वेंता हॅर.

'वेंता' म्हणजे थांबणं, 'हॅर' म्हणजे इथे. दवाखान्याच्या खिडकीवरची बाई हे म्हणाली तर अर्थ 'तुम्ही इथे थांबू शकता' की 'तुम्हाला इथे थांबावं लागेल'? पुस्तकाप्रमाणे पहिला. पण तिच्या चेहऱ्यावर मुभा दिल्याचा भाव नसतो. उठून खाली कॉफी प्यायला जाता येईल की नाही, ते या एका शब्दावर ठरतं.

लिप्यंतराबद्दल: डोक्यावर वर्तुळ असलेला आणि दोन टिंबं असलेला, दोन्ही गोल स्वर मी 'ओ'नेच लिहितोय. टिंबांचा 'ओ' म्हणताना ओठ 'ओ'चे आणि जीभ 'ए'ची ठेवा. देवनागरीत त्याला सोय नाही.

चकलीचा_सोऱ्या
दोन्ही अर्थ होतात. पुढे चला.

शब्दवेडी
@चकलीचा_सोऱ्या, असं एका ओळीत आवरू नका हो, इथेच तर गंमत आहे.

'दू फोर गो नू' : तू आता गेलास तरी चालेल. मुभा.
'दू फोर ता बुस्सेन' : (गाडी बंद आहे ना, मग) बसने जावं लागेल. सक्ती, पण परिस्थितीची.
'वी फोर से' : बघू.

मराठीत या तिन्हींना तीन वेगळे साचे आहेत. परवानगी विचारताना तर आपला '-ऊ का' चपखल बसतो. 'फोर या कॉम्मा इन?' ('या' म्हणजे मी) म्हणजे 'आत येऊ का?' 'फोर या स्तेल्ला एन फ्रोगा?' म्हणजे 'एक प्रश्न विचारू का?' इथे 'शकतो का' घालून भाषांतर करू नका. 'मी आत येऊ शकतो का' हे मराठीतसुद्धा कवायती वाटतं.

आणि 'फोर'नंतर क्रियापद थेट येतं, मध्ये 'अत' (इंग्रजीतल्या 'टू'सारखा) नाही. 'दू फोर अत गो' ही नवशिक्यांची पहिल्या महिन्यातली चूक.

बर्फाळ_बंड्या
फोर फोर फोर?
नेय, फोर फोर इन्ते फोर. फोर फोर लाम.

लिंबूसरबत
@बर्फाळ_बंड्या, कीबोर्ड अडकला का?

बर्फाळ_बंड्या
नाही हो, शुद्ध स्वीडिश आहे, तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असतं. 'फोर' म्हणजे मेंढीसुद्धा. नपुंसकलिंगी नाम, अनेकवचनही 'फोर'च. उच्चारात काडीचा फरक नाही. 'मेंढ्यांना मेंढ्या होतात का? नाही, मेंढ्यांना मेंढ्या होत नाहीत, मेंढ्यांना कोकरं होतात.'

प्रश्नात क्रियापद पहिलं, उत्तरात दुसरं. स्वीडिशच्या विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तो नियम या विनोदातून फुकट शिकता येतो.

शब्दवेडी
आणि त्यात 'फो'चा मूल होण्याचा अर्थही आला. 'दॉम फिक बार्न' म्हणजे 'त्यांना मूल झालं'. आपण मूल 'मिळालं' म्हणत नाही, 'झालं' म्हणतो. तिकडे ते 'मिळतं'. ताप आपल्याला 'येतो', तिकडे 'फो फेबेर'. डोकं दुखायला 'लागतं', तिकडे 'फो उन्त ई हूवुदेत'. दंड 'होतो', तिकडे 'फो बोतेर'.

थोडक्यात, मराठीत 'मला' किंवा 'त्याला' घालून जे होतं, येतं, मिळतं, कळतं, दिसतं, त्यातल्या पुष्कळ जागी स्वीडिश माणूस स्वतःला कर्ता करून 'या फिक' म्हणतो:
'या फिक वेता' : मला कळलं.
'या फिक होरा' : माझ्या कानावर आलं.
'या फिक से एन एल्य' : मला एक एल्क दिसला.

फक्त 'या वेत' म्हटलं तर 'मला माहीत आहे'. 'फिक वेता' म्हटलं की माहीत नव्हतं ते माहीत झालं, तो क्षण.

कोरा_कागद
फार उपयोगी. आजवर 'कळलं'साठी 'या वीस्ते' वापरत होतो, ते म्हणजे 'मला माहीत होतं' झालं. अर्थ पार उलटा.

तर्ककर्कश
धाग्याच्या मूळ प्रश्नाबद्दल माझं मत. हे पाच-सहा सुटे अर्थ नाहीत, एकच आहे: गोष्ट बाहेरून माझ्याकडे येते, ठरवणारा मी नाही. पत्र आलं, मूल झालं, परवानगी आली, थांबण्याची पाळी आली. परवानगी आणि सक्ती आपल्याला विरुद्ध वाटतात, कारण आपण ऐकणाऱ्याच्या सुखदुःखाच्या बाजूने बघतो. 'फो'ला त्याच्याशी देणंघेणं नाही. निर्णय दुसऱ्याच्या किंवा परिस्थितीच्या हातात, एवढंच ते सांगतं.

म्हणूनच 'मॉस्ते' आणि 'फोर' दोन्हींचं भाषांतर 'लागतं' झालं तरी वजन वेगळं. 'दू मॉस्ते वेंता' यात दट्ट्या आहे. 'दू फोर वेंता' यात 'आता काय करणार, थांबा' असा सूर.

शिळ्या_कढीला_ऊत
@तर्ककर्कश, तत्त्वज्ञान छान, पण ते नंतर बसवलेलं आहे. शिकणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. मग 'या फोर इन्ते उप बुर्केन' तुमच्या सूत्रात कसं बसवाल? 'बुर्क' म्हणजे बरणी. मला बरणी उघडायची परवानगी नाही, असं?

तर्ककर्कश
म्हणजे 'बरणी उघडत नाहीये'. मान्य, इथे सूत्र ताणावं लागतं. बरणीने परवानगी दिली नाही म्हणा हवं तर.

लिंबूसरबत
बरणीने परवानगी दिली नाही =)) वाचनखूण साठवली.

शिळ्या_कढीला_ऊत
नाहीच बसत. इथे 'फो उप' हा जोडीचा शब्द आहे. जोर 'उप'वर पडतो, 'फोर'वर नाही, आणि अर्थ 'खटपट करून एखादी गोष्ट एखाद्या अवस्थेला नेणे'. साधं उघडणं म्हणजे 'ओपना'. 'फो उप' म्हणजे उघडता येणं. मराठीत याला नेमकं रूप आहे: बरणी उघडेना.

याच घरातले बाकीचे:
फो बोर्त : डाग वगैरे घालवता येणे
फो इहूप : पैसे, माणसं जमवता येणे
फो ई सेय : (आजारपणात) चार घास पोटात घालणे
फो फोर सेय : डोक्यात काहीतरी घेऊन बसणे

शेवटच्यातला दुसरा 'फोर' वेगळा बरं का, तो टिंबांच्या 'ओ'चा, 'साठी' अर्थाचा. तो आणि आपला 'फोर' यांची गल्लत उच्चारात केली तर समोरचा थबकतो.

शब्दक्रमही लक्षात ठेवा: फो + उप + वस्तू. 'फो बुर्केन उप' चुकीचं. डॅनिशमध्ये मात्र वस्तू मध्ये येते, म्हणून कोपनहेगनला नोकरी आणि माल्मोला घर असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

तर्ककर्कश
@शिळ्या_कढीला_ऊत, जोरावरून आठवलं. निव्वळ 'फोर'वर जोर दिला, 'दू *फोर* गो', तर ते मुभेकडे झुकतं: 'अरे, जायची परवानगी आहे तुला'. सक्तीच्या अर्थाने बोलताना जोर पुढच्या क्रियापदावर जातो. उत्तरायण, त्या बाईचा जोर कुठे होता?

उत्तरायण
बाई काल्पनिक आहे हो. :)

रानवारा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पाटी_पेन्सिल
नकाराबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, आणि खरा घोटाळा तिथेच होतो.

'फोर इन्ते' + क्रियापद म्हणजे मनाई, दुसरं काही नाही. 'दू फोर इन्ते रोका हॅर' : इथे सिगरेट ओढायची नाही. त्याचा अर्थ 'ओढावी लागणार नाही' असा कधीच होत नाही. सक्तीच्या 'फोर'चा नकार हवा असेल तर दोन वाटा:

दू बेहोवेर इन्ते वेंता : थांबायची गरज नाही.
दू स्लिप्पेर वेंता : थांबायचं वाचलं तुझं, सुटलास.

'स्लिप्पा' (स्लिप्पेर, स्लाप, स्लुप्पित) हे माझं लाडकं क्रियापद. पुष्कळ भाषांना त्याचं भाषांतर करायला अख्खं वाक्य लागतं, मराठीत 'वाचलं' म्हणून काम भागतं. 'या स्लाप दिस्का' : भांडी घासायची वाचली.

'मॉस्ते इन्ते' टाळा. कोणाला 'गरज नाही' असं ऐकू येतं, कोणाला 'करायचं नाही' असं.

आणि 'इन्ते'ची जागा. मुख्य वाक्यात 'दू फोर इन्ते गो'. गौण वाक्यात 'इन्ते' आधी सरकतो: 'या वेत अत दू इन्ते फोर गो'. एसएफआयच्या (स्थलांतरितांसाठीच्या स्वीडिशच्या) वर्गात याला 'बिफ' नियम म्हणून घोकवतात.

चकलीचा_सोऱ्या
पाट्यांवर 'इन्ते'ऐवजी 'एय' दिसतं. विजेच्या हीटरवर छापलेलं असतं: 'फोर एय ओवेरतेकास', झाकू नये. वर टॉवेल वाळत घालू नका, आग लागते. 'एय' हे 'इन्ते'चंच लेखी रूप, बोलताना वापरलंत तर पाटी बोलतेय असं वाटेल. शेवटचा 'स' कर्मणीचा.

कोरा_कागद
सरकारी कागदांत?

पाटी_पेन्सिल
तिथे उलट सोपं. कायद्याच्या आणि नियमांच्या भाषेत 'फोर' म्हणजे मुभा, 'फोर इन्ते' म्हणजे बंदी, 'स्का' म्हणजे बंधनकारक, 'बोर' म्हणजे केलेलं बरं. 'आता काय करणार' वाला 'फोर' हा तोंडी व्यवहाराचा, कायद्यात तो सापडणार नाही.

पण पत्रात 'दू हार फॉत' दिसलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. पुढचा शब्द वाचा. 'फो आव्स्लाग' म्हणजे अर्ज फेटाळला जाणे.

बर्फाळ_बंड्या
तसंच 'फो स्पार्केन', शब्दशः 'लाथ मिळणे', म्हणजे नोकरीवरून काढलं जाणं. तिकडे लाथ, आपल्याकडे नारळ. आणि लग्नाला नकार मिळणं म्हणजे 'फो कॉर्येन', टोपली मिळणे. नारळ आणि टोपली, ओटी भरायचीच काय ती बाकी.

लिंबूसरबत
=)) =))

शब्दवेडी
नोकरीवरून आठवलं, 'हान फिक गो' या तीन शब्दांचे तीन अर्थ:
१) त्याला जायला मिळालं.
२) त्याला जावं लागलं.
३) त्याला नोकरीवरून काढलं.

मागचापुढचा संदर्भ नसेल तर स्वीडिश माणूसही 'कुठे?' असं विचारेल. मराठी '-ला मिळालं' आणि '-वं लागलं' यात कसा स्वच्छ भेद करते बघा. लिहिताना संदिग्धता नको असेल तर सक्तीसाठी 'वार त्वुंगेन अत' वापरा. 'मॉस्ते'चं भूतकाळी रूपही 'मॉस्ते'च असल्यामुळे तिथेही 'फिक' नाहीतर 'वार त्वुंगेन' कामी येतं.

गवतीचहा
दुकानातल्या, हॉटेलातल्या वाक्यांबद्दल थोडं. हे रोज लागतं.

दुकानदार: 'वा फोर दे लोव अत वारा?' म्हणजे 'काय देऊ?' नवशिका इथे हमखास अडतो, कारण सगळे शब्द ओळखीचे आणि अर्थ शून्य. तुटक अर्थ लावू नका, अख्खं पाठ करा. मग 'फोर दे वारा नोत मेर?' म्हणजे 'आणखी काही?'

आपण मागताना: 'कान या फो एन काफ्फे?' बिल हवं तर 'कान या फो नूतान?'

चूक: 'या विल फो काफ्फे'. 'हवंय'साठी 'विल हा' लागतं: 'या विल हा काफ्फे'. अजून नम्र म्हणजे 'या स्कुल्ले विल्या हा'.

हात पुढे करून नुसतं 'फो से!' म्हटलं की आपलं 'बघू!', म्हणजे दाखव इकडे. तंतोतंत.

आणि चालवून घेण्याची वाक्यं:
'दे फोर दूगा' : चालवून घेऊ.
'दे फोर रेक्का' : पुरे झालं.
'दे फोर वारा' : राहू दे.
'दे फोर ब्ली पित्सा' : पिझ्झाच मागवू मग.

कोरा_कागद
शेवटची चार वाक्यं म्हणजे अख्खा संसार आहे.

तर्ककर्कश
@गवतीचहा, आणि या चारहींत ठरवणारं कोणी नाही, परिस्थितीच आहे. आलं का माझं सूत्र परत?

शिळ्या_कढीला_ऊत
आलं. बरणी मात्र बाहेरच राहिली.

हातोडा_छिन्नी
एक महत्त्वाचा वापर राहिला: काम करून मिळणं किंवा करून घेणं.

'या फिक बीलेन लागाद' : गाडी दुरुस्त करून मिळाली.

इथे वस्तूनंतर येणारं रूप तिच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं:
बीलेन लागाद (गाडी, एन-शब्द)
हूसेत मोलात (घर रंगवलेलं, एत-शब्द)
स्कूर्ना लागादे (जोडे, अनेकवचन)

मराठीत आपण 'गाडी दुरुस्त करून' म्हणतो आणि 'करून' बदलत नाही, त्यामुळे सगळीकडे 'लागात' ठोकून देण्याची सवय लागते. पण हेच रूप वस्तूच्या आधी आलं की बदलत नाही: 'हार दू फॉत यूर्त नोत इदाग?', आज काही करून झालं का?

माणसाकडून करवून घ्यायचं असेल तर साचा वेगळा, आणि इथे 'अत' लागतंच: 'या फिक हॉनॉम अत स्क्रात्ता', मी त्याला हसवलं. शब्दवेडींनी वर 'अत नको' सांगितलं ते फक्त मुभा, सक्ती आणि कळणं-दिसणं यांच्यासाठी. मध्ये माणूस आला की 'अत' आला. मुलाला जेवायला लावलं, गाडी सुरू केली (गाडीसुद्धा माणसासारखीच: 'फो बीलेन अत स्तार्ता'), सगळं याच साच्यात.

शब्दवेडी
बरोबर, तो भेद मी लिहायला हवा होता.

रानवारा
अवांतर: 'फो' म्हणजे 'थोडे'सुद्धा ना? 'फो मेन्निखोर'?

शब्दवेडी
हो, 'थोडीच माणसं'. तो वेगळा शब्द, विशेषण. तुलनेत 'फॅर्रे' होतो. क्रियापदाशी नातं नाही. क्रियापदाचं मूळ पकडण्याच्या अर्थाचं आहे, जर्मन 'फांगेन' त्याचाच भाऊबंद.

चकलीचा_सोऱ्या
म्हणजे 'फो फोर फो फोर' हे 'थोड्याच मेंढ्यांना थोड्या मेंढ्या होतात' असं व्याकरणशुद्ध वाक्य झालं की. बसवा तुमच्या तिसऱ्या 'फोर'ला.

बर्फाळ_बंड्या
क्रियापद राहिलं. 'फो फोर फोर फो फोर'. आता बरोबर.

लिंबूसरबत
स्वीडिश लोकांचा असाच धागा 'लागणे'वर निघायला हवा. भूक लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, ठेच लागते, पैसे लागतात, थांबावं लागतं, रडायला लागतो, आणि तो माझा मावसभाऊ लागतो.

तर्ककर्कश
'एकच अर्थ आहे' म्हणणारा कोणीतरी तिथेही निघेल.

कोरा_कागद
पण मूळ प्रश्न तसाच राहिला की. दवाखान्यातली बाई.

पाटी_पेन्सिल
सांगते. ज्या गोष्टीला मुभा म्हणतोय ती ऐकणाऱ्याला हवीशी आहे का बघा. जाणं, खाणं, बसणं, खेळणं असेल तर बहुधा मुभा. थांबणं, पुन्हा येणं, पैसे भरणं असेल तर बहुधा 'लागेल'. थांबायची मुभा कोण मागतं?

खात्री करायची तर मधले छोटे शब्द ऐका. 'यॅर्ना' आला की खुशाल: 'दू फोर यॅर्ना सित्ता नेर सो लेंगे', बसा की तोवर. 'हेल्त एंकेल्त' आला की सक्ती: 'दू फोर हेल्त एंकेल्त वेंता', सरळ थांबावंच लागेल. 'वेल' आला की नाइलाज: 'दू फोर वेल रिंगा ई मॉर्रॉन', उद्या फोन करून बघा, दुसरं काय.

त्यामुळे 'दू फोर वेंता हॅर' म्हणजे 'इथे थांबावं लागेल'. शिवाय त्यात 'हॅर' आहे, म्हणजे नाव पुकारतील ते याच खोलीत. खाली जाऊ नका.

उत्तरायण
सगळ्यांचे आभार. म्हणजे कॉफी गेली.

गवतीचहा
प्रतीक्षागृहात कॉफीचं यंत्र असलं तर विचारा: 'फोर या ता एन काफ्फे?' ती म्हणेल, 'दे फोर दू यॅर्ना.'

बर्फाळ_बंड्या
आणि यंत्र बंद असेल तर 'दे फोर ब्ली वात्तेन'.